घरासाठी वळवलेला रस्ता : सडबरीची सराई आणि तिचे शेजारी

बुधवार : रॉक्सबरी, केंब्रिज

बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात, जॉन इलियट चौकाच्या कोपऱ्यावर एक जाड, बुटका दगड रोवलेला आहे. शेजारून बस जातात, शाळेतली मुलं जातात, बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. दगडाच्या एका अंगावर केंब्रिज आणि वॉटरटाउन, तर दुसऱ्या अंगावर डेडहॅम आणि ऱ्होड आयलंड अशी नावं कोरलेली आहेत. पॉल डडली या न्यायाधीशानं १७४४ साली तो बसवला. बॉस्टनहून निघालेल्या माणसाला इथे वाट निवडावी लागे. डेडहॅमच्या वाटेनं दक्षिणेकडे ऱ्होड आयलंडला जाता येई. केंब्रिजची वाट पुढे सडबरी, वूस्टर, स्प्रिंगफील्डवरून न्यूयॉर्ककडे जाई. हीच वरची वाट, बॉस्टन पोस्ट रोड, मला पुढचे काही दिवस धरायची होती.

माझा भाचा याच वाटेवरच्या श्रूजबरी गावात राहतो. ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच मी त्याला कळवलं होतं, की मला मॉल, आउटलेट काही नको, टप्प्याच्या घोडागाड्यांच्या काळातल्या सराया बघायच्या आहेत. त्यानं आणि भाचेसुनेनं ते मनावर घेतलं, रजा टाकल्या आणि सडबरीच्या वेसाइड इनमध्ये एका रात्रीच्या खोल्याही घेऊन ठेवल्या.

या रस्त्यावर टपाल आलं ते प्रवाशांच्या गाड्यांच्या खूप आधी. न्यूयॉर्कहून बॉस्टनकडे पहिला टपालस्वार निघाला तो १६७३ च्या जानेवारीत. त्याहीपूर्वी, १६५६ साली मॅसॅच्युसेट्सच्या सभेनं कायदा केला होता, की प्रत्येक गावानं वाटसरूंसाठी एक खाण्यापिण्याचं आणि मुक्कामाचं घर चालवलंच पाहिजे, नाहीतर गावाला दंड. मला हा कायदा फार महत्त्वाचा वाटतो. सराई म्हणजे एखाद्या हौशी माणसाचा धंदा असं आपण समजतो, पण इथे ती रस्त्याइतकीच सार्वजनिक गरज मानली होती. परवाना सरकारचा, दर्जावर नजर सरकारची, आणि घोड्याला चारा नि माणसाला अंथरूण देण्याची जबाबदारी मालकाची.

दुपारी केंब्रिजला ब्रॅटल स्ट्रीटवरचं कवी लाँगफेलोचं घर पाहिलं. हे घर सराई नव्हे, पण ते पाहिल्याशिवाय सडबरीला जाऊ नये असं मी म्हणेन. १७५९ साली बांधलेलं हे पिवळं, प्रशस्त घर. १७७५-७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचं मुख्यालय इथेच होतं. लाँगफेलो १८३७ मध्ये भाडेकरू म्हणून आला, आणि पुढे सासऱ्यांनी हे घर विकत घेऊन मुलीला आणि जावयाला दिलं. १८६१ च्या जुलैमध्ये याच घरात त्याची पत्नी फॅनी हिच्या कपड्यांनी पेट घेतला. विझवायला धावलेला लाँगफेलोही भाजला. दुसऱ्या दिवशी ती गेली. त्याची ती प्रसिद्ध पांढरी दाढी चेहऱ्यावरचे भाजल्याचे व्रण झाकण्यासाठी वाढवलेली होती. ग्रंथालयाच्या खोलीत मार्गदर्शक बाईंनी हे शांतपणे सांगितलं आणि आमच्यापैकी कोणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस, प्रकाशक मित्र जेम्स फील्ड्सबरोबर तो सडबरीची जुनी सराई बघायला गेला. त्या फेरीनं त्या घराचं नशीब बदललं.

गुरुवार : लेक्सिंग्टन

लेक्सिंग्टनच्या हिरवळीसमोर बकमन टॅव्हर्न, म्हणजे बकमनची सराई, आहे. साधारण १७१० च्या सुमाराचं लाकडी घर. १९ एप्रिल १७७५ च्या मध्यरात्रीनंतर पॉल रिव्हिअरनं ब्रिटिश सैन्य येत असल्याची वर्दी आणली, तेव्हा कॅप्टन जॉन पार्करची माणसं हिरवळीवर जमली. थंडी होती, शत्रूचा पत्ता नव्हता. पार्करनं नगाऱ्याच्या आवाजासरशी परत यायला सांगून त्यांना मोकळं केलं. लांब राहणारे घरी न जाता समोरच्या टॅव्हर्नमध्येच थांबले. पहाटे पाचच्या सुमारास लाल डगलेवाले आले, गोळीबार झाला आणि लेक्सिंग्टनचे आठ जण पडले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे पहिले बळी.

मी ज्या खोलीत उभी होते तिथेच ते थांबले होते. रुंद चूल, बुटकं छत, कोपऱ्यात दारूचा कठडा. बंदुकीच्या गोळीचं भोक असलेलं मुख्य दार आता आत जपून ठेवलं आहे. सगळे त्याच भोकाचा फोटो काढत होते. मला मात्र त्या चुलीचं आकारमान जास्त बोलकं वाटलं. एवढी मोठी चूल घरच्या माणसांसाठी कोणी बांधत नाही. ओले डगले वाळत घालणारे, बूट काढून पाय शेकणारे, गावची बातमी ऐकायला आलेले, असे पुष्कळ जण एकदम तिच्याभोवती बसत असणार. लष्करी इतिहासाच्या पुस्तकात टॅव्हर्नचा उल्लेख एका ओळीत येतो, पण माणसांना रात्री जमायला उबदार, उजेडाची, सगळ्यांना मोकळी असलेली दुसरी जागाच गावात नव्हती. प्रार्थनाघर थंड असे आणि तिथे गप्पा मारायची सोय नव्हती.

बकमन टॅव्हर्न १९१३ साली गावानं विकत घेतली. तेव्हापासून ती गावाच्या मालकीची आहे आणि तिची देखभाल स्थानिक इतिहास संस्था करते. गाव आपल्या पैशातून एक जुनं घर घेतं आणि शंभरावर वर्षं सांभाळतं, याबद्दल मला त्या गावाचा मनापासून आदर वाटला.

तिथून बॉस्टनच्या दिशेला सुमारे मैलभरावर मन्रो टॅव्हर्न. माझ्या मते लेक्सिंग्टनमध्ये वेळ कमी असेल तर हीच बघावी. विल्यम मन्रो पार्करच्या तुकडीत सार्जंट होता. त्याच दिवशी दुपारी, पुढच्या कॉन्कर्ड गावाहून मार खात परतणाऱ्या ब्रिटिशांना लॉर्ड पर्सीची कुमक इथे भेटली. पर्सीनं मन्रोचंच घर ताब्यात घेऊन तिथे जखमींवर उपचार सुरू केले. म्हणजे मालक बाहेर बंदूक घेऊन, आणि त्याच्या घरात शत्रूचा दवाखाना. घर राखायला मागे राहिलेला जॉन रेमंड मारला गेला. छतात त्या दिवशीच्या गोळीची खूण दाखवतात.

वरच्या मजल्यावर, ५ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्राध्यक्ष झालेला वॉशिंग्टन ज्या टेबलावर जेवला ते टेबल आहे. पण मला खालच्या खोलीतल्या, वर्माँटकडच्या गुराख्यांची हकिकत जास्त हवी होती, आणि ती मार्गदर्शकाला विचारल्यावर मिळालीही: बॉस्टनजवळच्या बाजाराकडे गुरांचे कळप घेऊन जाणारे लोक हे या रस्त्यावरचं मोठं गिऱ्हाईक होतं. टप्प्याच्या गाडीतले प्रवासी पैसे जास्त देत, पण रात्रीमागून रात्री सराई चालायची ती गुराख्यांवर आणि मालाच्या गाड्यांवर. १८४६ मध्ये लेक्सिंग्टनला रेल्वे आली आणि हा सगळा राबता थोड्या वर्षांत आटला. मन्रोंच्या घराण्यानं घर मात्र विकलं नाही. १९११ साली जेम्स मन्रोनं मृत्युपत्रात ते इतिहास संस्थेला देऊन टाकलं. वस्तू ज्यांच्या त्यांच्याच राहिल्यामुळे या घरात एक सलगपणा आहे, जो बाहेरून गोळा केलेल्या जुन्या सामानाला येत नाही.

शुक्रवार : सडबरी

सडबरी बॉस्टनपासून साधारण ३२ किलोमीटर. २० नंबरच्या हमरस्त्यावरून जाताना सराई दिसत नाही. पाटी बघून आत वळायचं. वळल्याबरोबर ट्रकचा आवाज कमी होतो, दोन्ही बाजूंना मेपल, ओक, दगड रचून केलेले बांध, आणि मग वाटेला अगदी खेटून उभं असलेलं ते लांबलचक घर. दोन उतारांचं छप्पर, छोट्या तावदानांच्या खिडक्या, बाहेर लाल घोड्याची पाटी, समोर वाटेच्या पलीकडे कोठार.

डेव्हिड हाऊ नावाच्या माणसानं अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथे दोन खोल्यांचं घर बांधलं. एक खाली, एक वर. कुटुंब वाढत होतं आणि दारातून पोस्ट रोड जात होता. १७१६ मध्ये त्यानं वाटसरूंना ठेवण्याचा परवाना काढला. नंतर मुलगा इझिकिएल, नातू ॲडम, पणतू लायमन अशा चार पिढ्या हाऊ घराण्यानं ती चालवली. इझिकिएलच्या काळात तिचं नाव रेड हॉर्स टॅव्हर्न होतं, आणि १९ एप्रिल १७७५ ला सडबरीच्या माणसांबरोबर कॉन्कर्डकडे गेलेल्यांत तोही होता. घराला एकेक खोली, एकेक बाजू जोडली गेली. आत फिरताना हे पायांना कळतं. एका खोलीतून दुसरीत जाताना पायरी चढावी लागते, जमीन किंचित उतरते, दाराची चौकट एकदम खाली येते.

टप्प्याच्या गाड्या सुरू झाल्यावर या धंद्याला वेग आला. १७८३ च्या ऑक्टोबरमध्ये लिव्हाय पीझ नावाच्या लोहारकाम केलेल्या माणसानं भागीदाराबरोबर बॉस्टन ते हार्टफर्ड नियमित गाडी चालू केली. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, प्रवासी असोत वा नसोत गाडी सुटणार. हे त्या काळात नवं होतं. घोडे ठरावीक अंतरावर बदलायचे, म्हणून टप्पे, आणि टप्प्याच्या जागी सराई. एसटीच्या थांब्यावरच्या उपाहारगृहाचं गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच समजेल: गाडी थांबते म्हणून खाणं विकलं जातं, आणि खाणं बरं मिळतं म्हणून गाडी तिथेच थांबते. गाडी पहाटे अंधारातच निघे. प्रवासी रात्री उशिरा उतरत, अनोळखी माणसाशेजारी एकाच बिछान्यात झोपत आणि कंदिलाच्या उजेडात पुन्हा गाडीत चढत. १८२७ पासून न्यू हॅम्पशरच्या कॉन्कर्ड गावी चामड्याच्या जाड पट्ट्यांवर झुलणाऱ्या गाड्या तयार होऊ लागल्या. पोलादी कमानींवरच्या गाड्या खड्ड्यात दणकत, या पुढेमागे डुलत. घोड्यांच्या मानेवरचा झटका त्यामुळे कमी होई, आणि हा त्या पट्ट्यांचा खरा फायदा.

जुनी बाररूम म्हणजे या घराचं काळीज. छताचे आडवे वासे धुरानं आणि काळानं काळे पडले आहेत. भिंतीला कथलाच्या जुन्या ताटल्या नि पेले. दारूच्या कठड्यावर लाकडी गजांची जाळी वरून खाली सोडायची सोय आहे. विक्री बंद झाली की जाळी खाली. कोपऱ्यातल्या एका टेबलावर बसून मी बराच वेळ ती जाळी न्याहाळली. वर खाली करताना धरण्याच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं आहे.

शेजारच्या दिवाणखान्यात खिडकीची एक काच चौकटीत जपली आहे. १७७४ च्या जूनमध्ये विल्यम मॉलिनो नावाच्या तरुणानं हिऱ्यानं किंवा तशाच कशानं तरी त्या काचेवर काही ओळी कोरल्या: इथे प्यायला चांगलं मिळतं, घाई नसेल तर थांबा नि चाखा, अशा आशयाच्या. लाँगफेलोनं या सराईवर लिहिलेल्या 'टेल्स ऑफ अ वेसाइड इन' या काव्यात या काचेचा उल्लेख आहे. तो आला १८६२ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीच शेवटचा हाऊ, अविवाहित लायमन, वारला होता आणि सराई म्हणून घराचा व्यवहार थांबला होता. म्हणजे कवीनं पाहिलं ते चालतं-बोलतं ठिकाण नव्हतं, नुकतंच बंद पडलेलं, काहीसं मोडकळीला आलेलं घर होतं. त्याच्या काव्यात शेकोटीभोवती जमून गोष्टी सांगणारे मित्र आहेत: व्हायोलिनवादक ओल बुलवरून घेतलेला संगीतकार, सिसिलीचा लुइजी माँटी, कवी पार्सन्स आणि इतर. यजमान अर्थात लायमन हाऊ. हे सगळे या खोलीत एकत्र कधीच बसले नव्हते. पण ज्या माणसाचं स्वतःचं घर आगीनं उजाड झालं होतं, त्यानं दुसऱ्याच्या विझलेल्या चुलीत आग पेटवून तिच्याभोवती मित्र बसवले. केंब्रिजची ती ग्रंथालयाची खोली बघून आल्यामुळे मला ते पुस्तक आता वेगळं वाचता येईल.

पुस्तक १८६३ मध्ये आलं आणि लोक घर शोधत येऊ लागले. घराला आज असलेलं नावही त्या काव्यातलं. १८९७ साली एडवर्ड लेमन या लोकरीच्या व्यापाऱ्यानं घर विकत घेतलं, डागडुजी केली, जुन्या वस्तू जमवल्या, पुन्हा पाहुणे घ्यायला सुरुवात केली आणि दारावर कवीचं नाव लावलं. मधल्या छत्तीस वर्षांत सामानसुमान बरंच पांगलं होतं. लेमननं परत आणलेलं सगळं मूळचं होतं असं नाही, पण छप्पर गळकं राहिलं असतं तर आज बघायला काहीच उरलं नसतं. त्याचं श्रेय फारसं कोणी देत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

रात्री जेवायला भोपळ्याचं सूप, इथल्याच गिरणीच्या पिठाचे पाव आणि शेवटी मक्याच्या पिठात काकवी घालून तासन्‌तास मंद भाजलेली गरम खीर. तिचा रंग गडद तपकिरी, चव आल्याची नि काकवीची. भाचा म्हणाला, "मावशी, अजून एक मागवू का?" मी हो म्हटलं.

मुक्कामाच्या खोल्या मोजक्याच, दहा. खोल्यांतल्या कपाटांच्या, टेबलांच्या खणांमध्ये पाहुणे चिठ्ठ्या लिहून ठेवतात. लग्नाचे वाढदिवस, आजारातून बरं झाल्याचा आनंद, गेलेल्या जोडीदाराबरोबर इथे घालवलेली रात्र. आम्ही दिवा जवळ घेऊन त्या वाचत बसलो. लायमनची बहीण जेरुशा हिच्या नावाच्या खोलीबद्दल भुताच्या गोष्टी सांगतात. मला तिच्याबद्दल दुसरीच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: सडबरी गावातला पहिला पियानो तिचा होता. गुराखी, गाडीवान आणि घोड्यांच्या त्या गजबजाटात वरच्या मजल्यावर एक मुलगी पियानो वाजवत होती.

शनिवार : सडबरी, वाट आणि गिरणी

सकाळी उठून आधी वाटेवर चालून आलो. घरासमोरून जाणारी ही अरुंद वाट म्हणजेच खरा जुना पोस्ट रोड. तिच्यावर तासाभरात दोनतीन गाड्या गेल्या असतील. हे आपोआप झालेलं नाही.

१९२३ साली सराई हेन्री फोर्डनं विकत घेतली. आजूबाजूची जमीन घेत घेत तो सुमारे ३००० एकरांवर गेला. त्या वेळी मोटारींची वाहतूक थेट या दारावरून जात होती. ट्रक गेला की जुन्या भिंती हादरत. फोर्डनं स्वतःच्या पैशानं हमरस्त्याला नवं वळण बांधून घेतलं आणि वाहतूक घरापासून दूर नेली. ज्या माणसाच्या कारखान्यानं रस्ते मोटारींनी भरले त्यानंच हे केलं, आणि ते फार दूरचं बघून केलं. जगात जुनं घर रस्त्यात आलं की घर पाडतात, फार तर उचलून दुसरीकडे नेतात. फोर्डनंही पुढे मिशिगनमध्ये हेच केलं. डेट्रॉइट ते शिकागो रस्त्यावरची क्लिंटन गावची घोडागाड्यांच्या काळातली सराई त्यानं सुटी करून डिअरबॉर्नच्या आपल्या संग्रहालय-गावात उभी केली. ती आज तिथे आहे, सुस्थितीत आहे, पण तिच्या दारातून तिचा रस्ता जात नाही. सडबरीत घर जागेवर राहिलं, वाट जागेवर राहिली, कोठार समोरच राहिलं. वाटेच्या मधोमध उभं राहिलं की गाडी कुठून येई, घोडे कुठे नेत, प्रवासी कुठल्या दारानं आत शिरत, सगळं न सांगता उलगडतं.

याच्याही आधी एकदा रस्त्यानं हे घर वाचवलं होतं, तेव्हा मात्र कोणाच्या मनात नसताना. बॉस्टन-वूस्टर रेल्वे १८३५ मध्ये पुरी झाली ती दक्षिणेला फ्रेमिंगहॅमवरून. पोस्ट रोडवरच्या टप्प्याच्या गाड्या बसल्या, हाऊंच्या घरातली वर्दळ ओसरली. पैसा नव्हता म्हणून कोणी घर पाडून मोठं हॉटेल बांधलं नाही, स्टेशन नव्हतं म्हणून भोवती बाजार वाढला नाही. लाँगफेलोनंही आपल्या काव्यात रेल्वेचा आवाज इथे पोचत नाही हे आवर्जून नोंदलं आहे. सराई रस्त्यावर जगली आणि रस्ता दूर गेल्यामुळे टिकली. पण नुसती दूर राहून ती शंभर वर्षं तगली नसती. लेमनसारखा कोणी येऊन चूल पेटवायला लागतो. माझं मत या सगळ्या फिरण्यातून पक्कं होत गेलं, की अशा घराला दोन्ही लागतं: अंगावरून जाणारी वाहतूक थांबवणारं कोणीतरी आणि दार रोज उघडणारं कोणीतरी.

फोर्डच्या इतर कामांबद्दल माझं मन तितकं निःशंक नाही. त्याला इथे जुन्या अमेरिकेचं अख्खं गाव हवं होतं. मेरी आणि तिच्या कोकराच्या इंग्रजी बडबडगीताशी नातं सांगणारी लाल शाळा त्यानं स्टर्लिंग गावाहून १९२७ च्या सुमारास इथे आणली. ती केवळ शोभेला नव्हती, १९५१ पर्यंत तिथे खरे वर्ग भरले. छोटं पांढरं प्रार्थनाघर १९४० चं, १९३८ च्या चक्रीवादळात पडलेल्या झाडांच्या लाकडातून बांधलेलं. त्याला नाव फोर्डच्या आणि त्याच्या पत्नीच्या आयांचं: मार्था-मेरी. आणि फोटोंमध्ये सर्वांत जास्त दिसणारी दगडी पाणगिरणी १९२९ ची. पाहुणे तिलाच सर्वांत जुनी समजतात आणि सराईपेक्षा तिचेच फोटो जास्त काढतात. मला हे खटकतं. प्रत्येक इमारतीवर तिचं साल मोठ्या अक्षरांत लिहिलं तर सराईचा मान वाढेलच.

तरी गिरणीबद्दल बोलताना हात आखडता घेणार नाही, कारण ती चालते. ओढ्याचं पाणी लाकडी पन्हाळीतून मोठ्या चाकावर पडतं, चाकाची गती दातेरी चक्रांमधून वर जात्यांपर्यंत पोचते. जाती फ्रान्सहून आणलेली. पीठ हातात घेतलं तर कोमट लागतं. गिरणी राखणाऱ्यानं दळताना दगडांतलं अंतर कसं पारखायचं ते दाखवलं: बोटांच्या चिमटीत पीठ घोळवायचं, जाडसर वाटलं तर दगड जवळ आणायचा. दगड फार जवळ आले तर पीठ तापतं आणि जळकट वास येतो. मी मक्याचं पीठ घेतलं.

फोर्ड १९४७ मध्ये वारला. १९५५ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, सराईला रात्री मोठी आग लागली. कडाक्याची थंडी, आणि इमारत सगळी लाकडाची. बराच भाग जळाला. समोरच्या जुन्या भागातलं काही वाचलं, पण मागच्या बाजूची जुनी बांधणी गेली. फोर्ड फाउंडेशनच्या पैशानं जीर्णोद्धार झाला आणि १९५८ मध्ये दार पुन्हा उघडलं. म्हणजे आज आपण जे बघतो त्यातला पुष्कळ भाग माझ्या वयाचा आहे. मला यामुळे घराची किंमत कमी वाटली नाही. पायरी कुठे चढते, चौकट कुठे खाली येते, हे त्यांनी जसंच्या तसं ठेवलं. सरळ, सपाट, सोयीचं हॉटेल बांधायला कमी पैसे लागले असते. नंतर ही सगळी मालमत्ता विनानफा संस्थेकडे आली. आज सुमारे शंभर एकर जमीन, सराई, गिरणी, शाळा, प्रार्थनाघर एकत्र सांभाळलं जातं. मुक्काम, जेवणं आणि लग्नसमारंभांचं उत्पन्न त्याच घरावर खर्च होतं.

आम्ही निघालो तेव्हा प्रार्थनाघरात एक लग्न चालू होतं, आणि सराईच्या मागच्या दालनात त्यांच्या जेवणाची टेबलं मांडत होते.

रविवार : श्रूजबरी

परतल्यावर भाच्याच्या गावातच लिव्हाय पीझचा माग काढला. पहिली नियमित गाडी चालवणारा पीझ पुढे श्रूजबरीत स्थायिक झाला, इथे त्यानं स्वतः सराई चालवली आणि १८२४ मध्ये इथेच वारला. सुरुवातीला त्याच्या गाड्या रिकाम्या धावत. तरी तो वेळेवर सोडत राहिला, आणि १७८६ पासून त्याच्या गाड्यांना टपाल मिळालं. त्यानंतर उत्पन्न बांधलं गेलं, घोडे वाढले, सरायांना भरवशाचं गिऱ्हाईक मिळालं. रस्ते सुधारावेत म्हणूनही त्यानं धडपड केली. या राज्यातल्या पहिल्या टोलरस्त्याला, १७९६ साली, परवाना मिळाला त्यात त्याचा हात होता. टप्प्याच्या गाड्यांच्या इथल्या इतिहासात त्याला जनकाचा मान देतात.

आज या गावात भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत. भाच्याच्या शेजारीच नागपूरचं एक घर. शनिवार-रविवारी ही मंडळी ॲशलंडच्या लक्ष्मी मंदिरात जातात ती बहुतेक याच रस्त्यांच्या जाळ्यातून. संध्याकाळी सगळे भाच्याकडे जमले, तेव्हा मी सडबरीच्या पिठाची भाकरी थापून बघितली. पीठ जरा भरड, पाणी जास्त लागलं, पण झुणक्याबरोबर चांगली लागली. तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांतले तिघे चौघे कधी वेसाइड इनला गेले नव्हते. जेवताना पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारसाठी त्यांचा बेत ठरला.

कोणाला जायचं असेल तर थोडं सांगते. लेक्सिंग्टनच्या दोन्ही टॅव्हर्न आणि केंब्रिजचं लाँगफेलोचं घर हिवाळ्यात बहुधा बंद किंवा मर्यादित वेळ उघडी असतात, तेव्हा जून ते ऑक्टोबरातच बेत करा आणि निघण्याआधी वेळ तपासा. सडबरीत पानगळीच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. नुसतं बघायचं असेल तरी चालतं, पण दुपारचं जेवण जुन्या बाररूममध्येच घ्या. गिरणी चालू असण्याचे दिवस ठरलेले असतात, ते विचारून जा. सांधेदुखी असेल तर वरच्या मजल्याचा जिना आणि जमिनीचे चढउतार सांभाळा, उंच माणसांनी दाराच्या चौकटींपाशी मान वाकवा. आणि जेवण झाल्यावर गाडीत बसायची घाई न करता समोरच्या वाटेनं गिरणीपर्यंत पायी जाऊन या.